जात्यापाशी जाहिरात

"मागच्या बाकावर कोण कुजबुजतंय? उज्ज्वला, तूच. माझ्या पाठीला कान आहेत, विसरू नकोस."

फळ्याकडे तोंड, हातात खडू, पदर कमरेला खोचलेला, आणि मान न वळवता आलेला तो आवाज. सुरवसेबाई चौथीला आमच्या वर्गावर होत्या. पत्र्याची खोली, पन्नास पोरं, बाहेर शनिवारच्या बाजाराचा कालवा, तरी शेवटच्या बाकावर मी शेजारणीच्या हातात बोर ठेवलं की त्यांना ऐकू जायचं. बोर ठेवताना आवाज होत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही.

तीस वर्षांनी तोच आवाज मी त्यांच्या ओसरीवर ऐकत होते.

"जाहिराती? थांब गं. अजून वेळ आहे."

याला आता सात-आठ वर्षं झाली. मी तेव्हा बार्शीत एका वाचनालयात होते आणि बाई कधीच्याच निवृत्त झाल्या होत्या. आमचा दोघींचा मिळून एक ब्लॉग होता, 'जात्यापाशी' नावाचा. नोकरीत असताना ज्या ज्या खेड्यात बदली झाली तिथल्या बायकांच्या ओव्या बाईंनी टेप केल्या होत्या. एकसष्ट कॅसेटी एका पत्र्याच्या ट्रंकेत होत्या, मधे मधे कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेल्या. बाई कॅसेट ऐकून वहीत ओव्या उतरवायच्या, मी वही घरी आणून टाईप करायची, आणि दर मंगळवारी पाच ओव्या ब्लॉगवर चढायच्या. खाली बाईंच्या चार ओळी असायच्या. कुणी गायली, काय दळत होती, अंगणात कोण आलं-गेलं.

जास्त ओव्या गोदाक्कांच्या. बाईंची पहिली नोकरी ज्या वाडीत होती तिथल्या त्या. बाई सांगायच्या, पहिल्यांदा टेपरेकॉर्डर घेऊन गेले तर म्हातारी जात्यापाशी बसली, खुंटा हातात धरला, पण तोंड उघडेना. जात्यात दाणा नव्हता. "रिकामं जातं वडायचं नसतं, बाई," गोदाक्का म्हणाल्या, "घरावर येतं. आन् घास घातल्याबगार जातंच बोलत न्हाई, तर मी कुठनं बोलू?" बाईंनी शेजारच्या घरातून मूठभर ज्वारी मागून आणली. मूठ आत पडली, जातं घरघरलं, आणि गोदाक्कांचा गळा सुटला. त्या दिवसापासून बाईंच्या पिशवीत टेपरेकॉर्डरला लागून ज्वारीची एक पुरचुंडी असायची. कुठल्याही दारात त्या रिकाम्या हातानं ओवी मागायला गेल्या नाहीत.

जाहिरातीचा विषय मी पहिल्यांदा काढला तो श्रावणात. ट्रंक उघडली तर सात-आठ कॅसेटींवर पांढरी बुरशी. पुण्यातला एकजण अशा जुन्या फिती साफ करून आवाज कॉम्प्युटरवर उतरवून देत होता, पण एकसष्ट कॅसेटींचा खर्च आमच्या पगार-पेन्शनीत बसण्यातला नव्हता. मराठी ब्लॉगांना तेव्हा नुकत्याच जाहिराती मिळायला लागल्या होत्या. आपण कुणाकडे जायचं नाही, कंपनीच पानावर जाहिराती सोडते, वाचणारे वाचतात, पैसे जमतात. मी सगळं वाचून, समजून घेऊन गेले होते.

बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दळताना दारात बोहारीण आली, तर बाई खुंटा सोडून भांडी बघत बसते का?"

"बाई, बुरशी थांबणार नाही."

"शंभर ओव्या होऊ देत. मग बघू."

शंभर ओव्या दिवाळीच्या तोंडावर झाल्या. मग म्हणाल्या, सणासुदीला कसल्या जाहिराती, दिवाळी होऊ दे. दिवाळी झाली, मग म्हणाल्या दोनशे होऊ देत. मी गप्प बसले. चौथीत बाईंपुढं जशी गप्प बसायची तशीच.

दिवाळीनंतर मात्र एक झालं. वहीतल्या ओव्या वेगळ्याच यायला लागल्या. त्याआधी गोदाक्का भावाला, लेकीला, विठूला गायच्या. आता त्या वाऱ्याला, भिंतीला, बंद दाराला गात होत्या. टाईप करता करता माझा हात थांबायचा. वाचणाऱ्यांचंही तसंच. नागपूरहून कुणी लिहायचं, शारजाहून कुणी. एका ओवीखाली तर लोक महिनाभर लिहीत राहिले:

शेजी हाक मारी, मला उमज येईना
पाखरू मुकं झालं, का मी कानात घेईना

सासरी गेलेल्या लेकीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली आई, असा अर्थ सगळ्यांनी लावला. मीही तोच लावला होता. त्या ओवीखाली बाईंनी त्यांच्या चार ओळी लिहिल्या नव्हत्या. विचारलं तर म्हणाल्या, "राहिलं गं."

संक्रांतीनंतर सोलापूरहून मेल आली. 'घरदळ' नावाची कंपनी, दगडी जात्यावरचं पीठ विकणारी. मालकांनी स्वतः लिहिलं होतं. ब्लॉगच्या माथ्यावर त्यांची एक जाहिरात लावायची, त्या बदल्यात पुण्याच्या सगळ्या कामाचा भार ते उचलणार. मागणी एवढीच, की ती पाखराची ओवी त्यांना पिशवीवर छापायची होती, खाली गोदाक्कांचं नाव घालून. आणि त्यांच्या दुकानात वाजवायला गोदाक्कांच्याच आवाजात ती हवी होती.

मी वाचनालयातून तशीच बाईंकडे गेले. बाईंनी माझ्या फोनवर मेल दोनदा वाचली. चष्मा काढून पुसला.

"नको."

"पण का, बाई? बोहारीण नाही ही. पीठवालेच आहेत."

"पिशवी फाटते. उकिरड्यावर जाते. गोदाक्का तिथं जाणार नाहीत."

"मग पिशवी नको म्हणू. नुसता आवाज देऊ. मला ती एक कॅसेट द्या, मी पुण्याला स्वतः घेऊन जाते, मांडीवर धरून."

बाई उठल्या, ट्रंकेचं झाकण लावलं, कडी घातली. "कॅसेटी घराबाहेर जाणार नाहीत."

तोपर्यंत मला बाईंचा राग आला होता, पण संशय आला नव्हता. तो आणला माझ्या दिरांनी. अंकुशभाऊजी बार्शी-सोलापूर गाडीवर कंडक्टर. एकदा जेवताना सहज म्हणाले, "वहिनी, तुमच्या बाई महिना-दीड महिना झाला, दर गुरुवारी माझ्या गाडीला असत्यात. पाण्याच्या टाकीच्या चौकात उतरत्यात. मी मागनं हाक मारली, बाई म्हणून, तर खिडकीबाहेर बघत बसल्या. वळख दाखवंनात."

त्या चौकाचं नाव मी कुठंतरी वाचलं होतं. ताट बाजूला सारून फोन उघडला. 'घरदळ'च्या मेलखाली पत्ता होता. पाण्याच्या टाकीजवळ, सोलापूर.

भाऊजी हसले. "वहिनी, तुमचं दळण बाईंनी परस्पर दुसऱ्या गिरणीत टाकलं वाटतं."

मीही हसले. पण धान्यात एक किडा दिसला की मग प्रत्येक दाणा उलटून बघावासा वाटतो. मला एकेक आठवायला लागलं. बाई आता फोन उचलत नाहीत, नुसता मेसेज करतात. मी मागच्या दारानं गेले तर दचकतात. मी काही विचारलं तर कधी कधी भलतंच उत्तर देतात, विषय टाळल्यासारखं. मी कॅसेट म्हटलं की ट्रंकेकडे बघतात आणि मग माझ्या तोंडाकडे बघत बसतात, मी पुढं काय म्हणते ते जोखत.

एका दुपारी न सांगता गेले. गल्लीच्या तोंडाशीच गोदाक्कांचा आवाज येत होता, जात्याची घरघर तर पार रस्त्यापर्यंत. इतक्या मोठ्यानं बाई कॅसेट कधी लावत नसत. समोर पापड वाळत घालणारी शेजारीण म्हणाली, "रोजचं झालंय. दुपारची झोप गेली आमची." मी दाराची कडी वाजवली. पुन्हा वाजवली. आवाज थांबेना, दार उघडेना. आत कुणीतरी बसलंय आणि बाई त्याला कॅसेट ऐकवतायत, हे माझ्या मनानं ठरवूनच टाकलं. खिडकीशी जाऊन डोकावायचं धाडस झालं नाही. पायरीवर थोडा वेळ उभी राहिले. आत गोदाक्का जोरजोरात गात होत्या आणि बाहेर मी चोरासारखी ऐकत होते. मग परत फिरले.

त्या आठवड्यात ब्लॉगची दोनशेवी ओवी चढली. बाईंनी दिलेल्या शब्दाची मी त्यांना आठवण करून दिली नाही. वाचनालयात जेवणाच्या सुट्टीत बसून मी त्या जाहिरातवाल्या कंपनीकडे अर्ज भरून टाकला. ब्लॉग दोघींचा, पासवर्ड दोघींकडे. बाई माझ्यामागं सोलापूरला जाऊ शकतात, तर मी त्यांच्यामागं एवढं करू शकते. तसंच म्हटलं मी मनाशी, आणि बटण दाबताना चौथीत लपवला असता तसा डावा हात पाठीमागं घेतला होता, हेही आठवतं.

दहा-बारा दिवसांनी मंजुरी आली. बुधवारी सकाळी मी ब्लॉग उघडला तर गोदाक्कांच्या ओवीशेजारी एक प्रेशर कुकर झळकत होता. खाली दुसरा कुकर, थोडा मोठा. वाईट दिसत होतं, पण मला बरं वाटलं.

दुपारी बाईंचा मेसेज. "ये. आत्ता."

गेले तेव्हा दार उघडंच होतं. बाई ओसरीवर चटईवर बसल्या होत्या, पुढ्यात मुलानं बंगळुरूहून पाठवलेला लॅपटॉप. चहाचं विचारलं नाही.

"बस. समोर बस."

मी बसले. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. पाखराची ओवी होती. तिच्या शेजारी एक पांढऱ्या केसांचे आजोबा हसत होते, कानामागं काहीतरी लावलेलं. 'नातवंडांचं बोलणं पुन्हा ऐका.' बाईंनी पान खाली सरकवलं. कानात बसणारं दाण्याएवढं यंत्र. आणखी खाली, ठळक अक्षरांत, 'कमी ऐकू येतं? लाजू नका.'

"कधीपासून माहीत आहे तुला?" बाई म्हणाल्या.

मला काही कळेना. त्या बोलत राहिल्या. आवाज चढला नव्हता, पण त्याला धार आली होती. अंकुशनं सांगितलं असणार, म्हणाल्या, दवाखान्याच्या दारातच तर गाडी थांबते. सांगितलं तर सांगितलं. मग घरी यायचं, समोर बसून विचारायचं. गावभर पाटी कशाला लावायची? तीही गोदाक्कांच्या ओवीला चिकटवून? नागपूरपासून शारजापर्यंत सगळ्यांनी वाचलं असेल एव्हाना, की हिला लाज वाटते.

मी लॅपटॉपवर वाकून ते आजोबा बघत होते. तसंच बघत म्हटलं, "बाई, ह्या मी निवडलेल्या नाहीत, त्या आपोआप..."

"माझ्याकडे बघून बोल."

वर्गात हे वाक्य मी शंभरदा ऐकलं होतं. चूक केली की बाई म्हणायच्या, माझ्याकडे बघून बोल. मी सवयीनं मान वर केली. बाईंचे डोळे माझ्या डोळ्यांवर नव्हते. ते माझ्या ओठांवर होते.

तिथं मला गाडीतली खिडकी कळली, न उघडलेलं दार कळलं, न उचललेला फोन कळला. दीड महिना मी गोळा केलेला एकेक दाणा माझ्यासमोर उलटा झाला.

मी माझा फोन काढला, तेच पान उघडलं आणि त्यांच्या हातात दिला. तीच ओवी, शेजारी कुकर. मग सावकाश, ओठ नीट हलवत सांगितलं. जाहिरात मी लावली, तुम्हाला न विचारता लावली, तो माझा गुन्हा. पण कुठली दिसावी हे मी ठरवत नाही. ती पान बघून येत नाही, बघणाऱ्याला बघून येते. मी गेले आठ दिवस फोनवर कुकर शोधतेय, म्हणून मला कुकर दिसतो. दुसऱ्याला साड्या दिसतील, तिसऱ्याला ट्रॅक्टर.

बाईंनी एकदा फोनकडे बघितलं, एकदा लॅपटॉपकडे. "म्हणजे हे आजोबा..."

"फक्त तुम्हाला दिसतात."

"तुला नाही?"

"मला नाही. कुणालाच नाही."

त्यांनी लॅपटॉप जरा लांब सारला. मग ओठांच्या कोपऱ्यात हसल्या, पेपरात आपलीच चूक सापडल्यासारखं. "म्हणजे तुला काही ठाऊकच नव्हतं. मीच बोलावून घेऊन सांगितलं."

"मला वाटलं होतं, तुम्ही सोलापूरला पीठवाल्यांना भेटायला जाता. माझ्यामागं."

"पीठवाल्यांना?" बाईंनी माझ्याकडे बघितलं. "आणि मला वाटलं, तू माझी पाटी लावलीस. बरंच शिकलो की आपण दोघी."

मग त्यांनी थोडं थोडं सांगितलं. पावसाळ्यात डाव्या कानात गुणगुण सुरू झाली. मग उजव्या. डॉक्टरनी औषधं दिली, मग म्हणाले मशीन घ्या, म्हणून रात्री लॅपटॉपवर मशिनं बघून ठेवली. औषधानं जाईल असं बाईंना वाटत होतं. मुलाला सांगितलं नाही, तो बंगळुरूला चल म्हणेल आणि ट्रंक इथं राहील. समोरचं माणूस समोर बसलं की भागतं, म्हणाल्या. पाठमोरं झालं की गेलं.

पाठीला कान असलेली बाई हे सांगत होती. मी घाईनं कामाचं बोलायला लागले. मशीन घेऊ, बाई, त्यात काय, निम्म्या गावाकडे आहे. आणि आता तर पुण्याचं काम पटकन करून घेऊ. आवाज साफ होऊन आला की तुम्हालाही नीट ऐकू येईल. 'घरदळ'ला मी आजच कळवते. जाहिरात लावू, ओवी देऊ, फक्त नाव मोठं छापा म्हणू. कॅसेटी वाचतील.

बाई माझे ओठ बघत होत्या. सगळं त्यांना पोचलं, ते दिसत होतं. उठल्या. ट्रंकेची कडी काढली, वरचीच कॅसेट घेतली. पाठीवर त्यांच्या गोल अक्षरात लिहिलेलं, 'गोदाक्का, ४'. दिवाळीपासूनच्या सगळ्या वह्यांवर मी हाच आकडा वाचला होता.

टेप लावला. आवाजाचं बटण पार टोकाला फिरवलं आणि उजवा तळवा स्पीकरच्या जाळीवर पालथा ठेवला, ताप बघावा तसा. त्या दुपारी बंद दाराआड हेच चाललं असणार.

"ऐक," म्हणाल्या. "पूर्ण बाजू ऐक. मग पीठवाल्यांना कळव."

जातं घरघरायला लागलं. कोंबडा ओरडला. कुणीतरी खोकलं. मग गोदाक्कांचा आवाज आला, जुन्या फितीतूनही लख्ख:

तुला घास देते जात्या, मला बोलाचा उपास
मायेच्या गावाहून वारा आला आसपास

ही ओवी ब्लॉगवर नव्हती. पुढची नव्हती, तिच्या पुढचीही नव्हती. गोदाक्का एकामागून एक गात होत्या, भावाला, लेकीला, विठूला, आणि त्यातली एकही ओवी मी टाईप केलेली नव्हती. फीत सरत आली. मी पाखराची वाट बघत होते. जातं थांबलं, पीठ भरल्याचा आवाज झाला, एक तरुण आवाज म्हणाला, "झालं, गोदाक्का?" तो बाईंचा होता. बटण आपसूक वर उडालं.

बाईंनी तळवा काढला नव्हता.

"बाई," मी त्यांच्यासमोर सरकून विचारलं, "पाखराची ओवी कुठं आहे?"

त्यांनी हाताकडे बघितलं. आवाज इतका बारीक काढला की मागच्या बाकावर काय, पुढच्याही बाकावर पोचला नसता.

"ती ह्यात नाही. दिवाळीपासूनची एकही नाही. मला नुसती घरघर लागायची, हाताला. बोल येईनात. आणि मंगळवार आला की तू वहीसाठी दारात. रिकामं जातं ओढायचं नसतं, म्हणून मूठभर माझं घातलं." मग मान वर केली. "पिशवीवर गोदाक्कांचं नाव घालू नकोस, उज्ज्वला. त्या ओव्या मी रचल्यात."